स्वर्गातला पाला

चाकणच्या कारखान्यात १७ वर्षं परचेस सांभाळलं. बोल्टमागे पाच पैसे सोडवून घ्यायला सप्लायरला रडकुंडीला आणणारा मी, गेल्या सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका बेसमेंटमध्ये बसून रोज सकाळी नकाराचे मेल वाचत होतो. नंतर नंतर तर ‘खेदाने’पर्यंत वाचलं की चहा ठेवायला उठायचो.

इथला रेझ्युमे दोन पानांचा. त्यात फोटो नको, जन्मतारीख नको, लग्न झालंय का तेही नको. बायको म्हणाली, “म्हणजे स्थळ बघताना जे जे विचारतात ते सगळं काढायचं. मग उरतं काय?”

उरला अनुभव. तो कॅनडातला नव्हता. जाहिरातीत कॅनेडियन अनुभव मागायला आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून बंदी येणार, असं कळल्यावर मी घरात शिरा करायला लावला. मनातल्या मनात मागायला बंदी नाही, हे शिरा संपल्यावर लक्षात आलं.

तोवर दारातला मेपल लालभडक झाला. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले. आत्यानं लिहिलं, ‘स्वर्गात राहतोस रे बाबा!’ स्वर्गात झाडलोट कोण करतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या भाडेकरारात ते लिहिलं होतं: पाला भाडेकरूनं काढायचा. पुढे बर्फही.

दाताळं विकत आणलं. (डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही असं ठरलं होतं. मी गुणलं.) कोरडा पाला गुणी असतो, ओढला की येतो. ओला पाला सरकारी फाइलीसारखा, जागचा हलत नाही. तो भरायचा कागदी पिशव्यांत, प्लास्टिक चालत नाही. कंबरेएवढी पिशवी दाबून दाबून भरून उचलली, की पिशवीचं बूड जमिनीवर आणि उरलेली पिशवी हातात. तेवढ्यात चिरंजीव उरलेल्या ढिगात उडी मारणार. शाळेत “बाबा काय करतात?” विचारल्यावर त्यानं “पानं गोळा करतात” असं सांगितलं. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर हे कळलं आणि तिनं गुरुजींना माझी पत्रिका दाखवली.

अखेर एक मुलाखत आली. सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी नऊ, व्हिडिओवर. वर ब्लेझर, खाली पायजमा असा मी वेळेवर बसलो. स्क्रीनवर कोणी नाही. दहा मिनिटं स्वतःच्याच तोंडाकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघितलं. वीस मिनिटं झाली. मग प्रकाश पडला. आदल्या दिवशी, इथल्या हिवाळ्याच्या रिवाजाप्रमाणे, अख्ख्या ब्रॅम्प्टननं घड्याळं तासभर मागे घेतली होती. फक्त आमचं तुळशीबागेतून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ कालच्याच वेळेला चिकटून होतं.

कामावर निघालेली बायको दारातून म्हणाली, “बसलाच आहेस तर पिशव्या ठेव बाहेर. आज गाडी येते.”

ब्लेझर काढला असता, पण टाय सुटेना. तसाच एकेक पिशवी बुडाखाली हात घालून, तान्ह्या बाळासारखी फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवली. शेजारचे पोर्तुगीज आजोबा आपल्या पिशवीवर टेकून बघत होते. त्यांनी ब्लेझर पाहिला, टाय पाहिला, पायजम्याकडे सभ्यपणे पाहिलं नाही.

“नवीन नोकरी?” त्यांनी विचारलं.

“चाळीस मिनिटांनी कळेल,” म्हटलं.

तेवढ्या वेळात त्यांचं अंगणही झालं.