उन्हाळ्यातलं स्लीपर: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'मे महिन्यातही स्लीपर पुरतं, खिडक्या सताड उघड्या ठेवा' हा माझा सल्ला वाचून तुम्ही मडगाव ते भोपाळ गोवा एक्सप्रेसचं चौघांचं स्लीपर तिकीट काढलंत. दुसऱ्या दिवशी भुसावळपासून पुढे आईवडिलांचे हाल झाले, वर दोघांपैकी कुणालाच खालचा बर्थ नव्हता. 'हा सल्ला स्वस्ताईचा आहे, आरामाचा नव्हे,' असं तुमचं म्हणणं.

खिडक्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. ते वाक्य कोकण मार्गापुरतं खरं होतं आणि तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. गोव्यात मे महिन्यात पारा 33-34 च्या आसपास असतो, पण हवा दमट. घाम सुकत नाही, म्हणून अंगावरून वारा जाणं महत्त्वाचं. तिथे दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्याच हव्यात. खानदेशात दुपारी पारा 42 च्या पुढे जातो. हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, तापली की वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो. अंगावर ओल असेल तेवढाच काय तो आराम. अशा वेळी उन्हाकडच्या खिडकीची पट्ट्यांची लोखंडी झडप खाली ओढायची, काच वरच ठेवायची: ऊन अडतं, थोडी हवा खेळते. झळ फारच लागू लागली तर काचही खाली. पातळ पंचा भिजवून, पिळून मानेवर ठेवा. ही युक्ती कोरड्या हवेत छान चालते. रत्नागिरी-चिपळूणकडे करून पाहाल तर नुसतं चिकट होईल. आणि दुपारी वरच्या बर्थवर वडीलधाऱ्यांना चढवू नका. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, छत तापतं आणि सगळी उष्णता तिथेच साठते.

मूळ अडचण मात्र डब्यापेक्षा वेळेची होती. ही गाडी वास्कोहून दुपारी सुटते, घाट संध्याकाळी चढते, पुणं पहाटे ओलांडते आणि भुसावळ-खंडव्याच्या पट्ट्यात नेमकी भर दुपारी पोचते. पुण्यापर्यंत जाणाऱ्याला स्लीपरमध्ये काहीही त्रास नाही. तिकीट काढण्याआधी वेळापत्रकात फक्त एवढं पाहावं की दुपारी बारा ते पाच गाडी कुठे असेल.

आता बर्थ. ज्येष्ठांसाठीच्या भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष 60 च्या पुढचे, स्त्रिया 45 च्या पुढच्या. तुम्ही चौघांचं एकच तिकीट काढलंत, तिथे घात झाला. या कोट्यासाठी तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी लागतात आणि दोघेही त्या वयाचे. सोबत तरुण माणूस घातला की कोटा गेला. आईवडिलांचं तिकीट वेगळं काढायला हवं होतं.

पैशांचा हिशेबही बघा. थर्ड एसीचं भाडं स्लीपरच्या साधारण अडीचपट. स्लीपरचं एका माणसाचं भाडं 1 धरू. चौघे स्लीपरने गेलात तर खर्च 4, चौघे एसीने तर 10, आईवडील एसीत आणि तुम्ही दोघे स्लीपरमध्ये तर 7. जेवणाच्या वेळी तुम्हाला त्यांच्याजवळ बसता येणार नाही, हे खरं.

पण 'उन्हाळ्यात एसीच काढा' हे मला मान्य नाही. मडगाव किंवा थिवीहून मुंबईला जाणाऱ्या कोकणकन्येचा जवळजवळ सगळा प्रवास रात्रीचा. तिथे स्लीपर बिनधास्त काढावं. दिवसा धावणाऱ्या मांडवी एक्सप्रेसबद्दल मे महिन्यात मी तसं म्हणणार नाही. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरच्या उन्हाळी विशेष गाड्या तर अगदी नाइलाजानेच: भाडं जास्त, आणि एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी त्यांनाच बाजूला उभं करतात. उभ्या डब्यात वारा नाही, की झालं.

आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं; 10 मेच्या गाडीसाठी 11 मार्च. मडगावहून सुटणाऱ्या गाडीचं वेटिंग पुढे सरकतं, केरळकडून येणाऱ्या गाड्यांचं फारसं नाही, कारण मडगावला त्यांचा वेगळा छोटा कोटा असतो.

डब्यात काय न्यावं? ओलं खोबरं घातलेली भाजी नेऊ नका, चार-पाच तासांत आंबते. पोई (गोव्याचा पाव) आणि सुकी बटाट्याची भाजी बरी. छोट्या बाटलीत आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, न्या, पेलाभर पाण्यात दोन चमचे. आगळात मीठ असतंच. पाणी माणशी तीन लिटर धरा.

परतीचं तिकीट अजून काढायचंय असं तुम्ही लिहिलंय. येताना हीच गाडी तापणारा पट्टा रात्री आणि पहाटे ओलांडते, तेव्हा स्लीपर चालेल. तत्काळ काढणार असाल तर एक खाच आहे. भोपाळला गाडी मध्यरात्रीच्या आसपास येते आणि तत्काळ उघडतं ते गाडी दिल्लीच्या निजामुद्दीनहून सुटण्याच्या आदल्या दिवशी. स्लीपरसाठी सकाळी अकराला बसा, पण दिवस तुमच्या चढण्याच्या तारखेवरून मोजू नका. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारने पडताळलेलं हवं, ते आजच करून ठेवा.