कोजंट कारण

गणपतीला गावी जायचं म्हणून आठ दिवसांची रजा मागितली. दुसऱ्या दिवशी अर्ज टेबलावर परत. वर लाल शाईत साहेबांचा शेरा : ‘गिव्ह कोजंट रीझन्स.’

मी ते ‘कॉजंट’ असं वाचलं. शेजारच्या टेबलावरचे नाना म्हणाले, “डिटर्जंटचा भाऊ दिसतोय. कारण धुऊन आण म्हणतात.”

घरी डिक्शनरी काढली. बिनतोड, सयुक्तिक. उच्चार कोजंट, जोर ‘को’वर. मी लगेच बायकोला म्हटलं, “आपले साहेब फार कोजंट माणूस आहेत.” दहावीतली लेक पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “बाबा, माणूस कोजंट नसतो, मुद्दा असतो. माणूस परस्युएसिव्ह असतो, म्हणजे गळी उतरवणारा.”

“आणि तुझी आई?”

“आई कंपेलिंग. भाग पाडणारी.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. विषय तिथेच मिटला.

व्युत्पत्ती मात्र झकास निघाली. मूळ लॅटिन ‘कोगेरे’, म्हणजे हाकून एका जागी आणणं. त्यातल्या ‘आगेरे’चं नातं थेट आपल्या संस्कृत ‘अज्’ धातूशी, अर्थ तोच, हाकणं. मला हुरूप आला. लहानपणी गावची गुरं मीच राखायचो. एकीला वळवावं तर दुसरी भातात शिरलेली! कारणांचंही तसंच. रात्री बसून एकेक हाकत आणली. गौरी-गणपती पाच दिवसांचे. यंदा पूजेची पाळी आमची, चुलत्यांनी चावी आधीच पाठवलेली. बंद घर झाडायला एक दिवस. जायचा एक, यायचा एक. रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी, आरक्षण उघडलं त्याच मिनिटाला काढलेलं, तरी वेटिंग २७. बेरीज बरोबर आठ. एक गाय सुटायला जागा नाही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “व्हेरी कोजंट,” म्हणाले आणि तीन दिवस मंजूर केले.

आमच्या शिपायाला दहा मिळाले. त्याच्या अर्जात एकच ओळ होती : ‘घरगुती काम.’ मी चक्रावलो. सही घ्यायला पुन्हा आत गेलो तेव्हा साहेबांचा खण अर्धा उघडा होता आणि केबिनभर फणसपोळीचा वास होता.

रात्री ‘परस्युएसिव्ह’ही काढून पाहिला. त्याच्या मुळाशी गोडवा आहे, आपल्या ‘स्वादु’चाच सख्खा भाऊबंद. कोशात हे सगळं छापलेलं असतं, आपणच चुकीचं पान उघडतो.

काकूला फोन लावला. “मे महिन्यातली फणसपोळी उरलीय का गं? दोन पुडे. नको, चारच पाठव.”