‘महोगनी लिहून दिलं नाही’ या तक्रारीवर आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांच्या गिटारची नेक, म्हणजे तारा धरायची लांब मान, महोगनीच्या लाकडाची आहे एवढं लिहून द्यायला आम्ही पाचशे रुपये घेतले, खुंट्या काढून लाकूड खरवडलं, ऐन पावसात गिटार अडकवून ठेवली आणि शेवटी चिठ्ठीवर ‘महोगनी नाही, स्पॅनिश सीडार किंवा तूण’ असं अर्धवट काहीतरी लिहिलं. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणे नुसता फोटो बघून महोगनी सांगितलं, तेही फुकट. म्हापशात आमच्याकडे जुनी गिटार घेऊन येणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून उत्तर जरा लांबच देतो.

पाचशे रुपये तपासणीचे होते. तपासणीत काय निघावं हे आधी ठरलेलं नसतं आणि पावतीवरही तसंच लिहिलेलं आहे.

आता फोटोबद्दल. जुन्या गिटारचा तांबूस रंग लाकडाचाच असेल असं नाही. फिकट लाकडाला रंग द्यायचा, वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मारायचं, ही पद्धत फार जुनी आहे. त्यावर वर्षानुवर्षांचा हाताचा घाम आणि मळ बसला की कुठलंही लाकूड फोटोत महोगनी दिसतं. शिवाय बाजारात महोगनी या नावाखाली काय काय विकलं जातं! आफ्रिकेतलं खाया, सापेले, आग्नेय आशियातलं मेरांटी, स्वस्त गिटारमध्ये येणारं नाटो, सगळी एकाच नावावर खपतात. खरी महोगनी म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं स्विटेनिया. हातात धरून वजनावरून सांगणारेही भेटतात. वाळलेली महोगनी घनमीटरला साधारण ५९० किलो भरते आणि स्पॅनिश सीडार ४७० च्या आसपास, हे खरं. पण तुमच्या नेकवर काळं, जड फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) चिकटवलेलं आहे आणि पुढे बॉडी जोडलेली आहे. तिथे नुसत्या नेकचं वजन कसं करणार?

लाकूड ओळखायचं ते आडव्या कापावर. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे तोंड करून उघड्या दिसतात, हीच रंध्रं, आणि त्यांची मांडणी झाडागणिक वेगळी असते. नेकमध्ये लाकूड लांबीत घातलेलं असतं, त्यामुळे असा काप फार थोड्या ठिकाणी सापडतो. तुमची गिटार क्लासिकल, हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, दोन लांब खाचा. त्या खाचांच्या टोकाला आतल्या बाजूने नेमका आडवा काप असतो आणि खुंट्या बसवल्या की तो झाकला जातो. म्हणून खुंट्या काढल्या. आत तांदळाच्या दाण्याएवढी जागा नव्या ब्लेडने साफ केली, ओली केली आणि दहापट भिंगाखाली पाहिली. पॉलिश पेपर मुद्दाम वापरला नाही, कारण त्याची पूड रंध्रांत बसते आणि मग काहीच वाचता येत नाही. हे करायच्या आधी तुमची सही घेतली होती. आज खुंट्या जागेवर असताना ती जागा तुम्हाला शोधूनही दिसणार नाही.

तिथे दिसलं ते असं. महोगनीत रंध्रं सगळीकडे साधारण सारखी विखुरलेली असतात. तुमच्या लाकडात वाढीच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या रंध्रांची ओळ आहे आणि पुढे ती लहान होत जातात. महोगनीच्या उभ्या पृष्ठभागावर बहुधा नुसत्या डोळ्यांना बारीक आडव्या रेघांच्या रांगा दिसतात. तुमच्या हीलवर, म्हणजे नेक बॉडीला जोडते त्या टोकावर, पॉलिश उडालेल्या जागी तिरका उजेड टाकून त्या शोधल्या, मिळाल्या नाहीत. मेरांटी असतं तर आडव्या कापावर राळेच्या नळ्यांच्या पांढऱ्या रेघा आल्या असत्या, त्याही नाहीत. आणि ताज्या कापाला वास आला, जुन्या सिगारच्या खोक्याचा असतो तो. हेडस्टॉक आणि नेक वेगळ्या लाकडांची असू शकतात, म्हणून सांधा तपासला. दोन्हीकडचा पोत एकच आहे.

ही सगळी लक्षणं स्पॅनिश सीडारची, म्हणजे सेद्रेलाची. अडचण एवढीच की आपल्याकडचं तूणही अगदी असंच दिसतं आणि त्यालाही तसाच वास असतो. दोन्ही महोगनीच्याच कुळातली. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तूण सेद्रेलातच धरायचे, ते नंतर वेगळं काढलं. जिथे त्यांनाच वेळ लागला तिथे भिंग घेऊन मी एकच नाव ठोकून दिलं असतं तर ते तुम्हाला आवडलं असतं, पण तो अंदाज ठरला असता. चिठ्ठी अर्धवट नाही. जेवढं दिसलं तेवढी ती पूर्ण आहे.

याहून पुढे जायचं असेल तर बंगळूरची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था लाकूड ओळखून देते. त्यांना मात्र लाकडाचा तुकडा लागतो. त्याचे तिन्ही बाजूंनी पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चांगल्या चालू गिटारच्या नेकमधून तुकडा काढायला मी तरी हात लावणार नाही. उद्या कधी हील उघडायची वेळ आली, तर तेव्हा बघू.

तुम्हाला खरं लागलं ते ‘महोगनी नाही’ हे, असं वाटतं. ते उणं कसं झालं? स्पेनमधल्या क्लासिकल गिटारची नेक परंपरेने स्पॅनिश सीडारचीच असते. हलकं असतं, वाकत-पिळत नाही, कोरायला सोपं जातं. तूण म्हणाल तर मिरजेचे कारागीर सतारीला तेच वापरत आले आहेत. आजोबांनी ही गिटार लिस्बनहून बोटीने आणली असं घरात सांगतात, असं तुम्ही म्हणालात. असेलही. ते लाकडावरून खोटं ठरत नाही आणि खरंही ठरत नाही, म्हणून त्याबद्दल मी चिठ्ठीत अक्षर लिहिलं नाही.

उशिराबद्दल: साफ केलेल्या जागेवर चपड्याचा हात द्यायचा होता. जुलैच्या दमट हवेत चपडा घाईने मारला तर पांढरा पडतो. हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकायची आहे म्हणून कागद हवा, असं तुम्ही म्हणाला होता. त्यात नेकची काळजी करू नका. महोगनी काय, सेद्रेला काय, साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण ते बंधन ओंडके, कापीव लाकूड, व्हिनिअर आणि प्लायवुडवर आहे, तयार वाद्यावर नाही. बघायला हवी ती पाठ आणि बाजू. त्या शिसवी, म्हणजे रोजवूडच्या, जातीच्या दिसतात. ब्राझीलचं रोजवूड निघालं तर ते १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय गिटार सीमेपार जाणार नाही. बाकीच्या रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट आहे. ही तपासणी तुम्ही सांगितली नव्हती. हवी असेल तर करू, पण तिथेही जे दिसेल तेच लिहीन.

आणखी एक. गिटार आली तेव्हा तिच्यावर स्टीलच्या तारा होत्या, त्या आम्ही उतरवून ठेवल्या आहेत. या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाला तोलणारी आतली लोखंडी सळी, नाही. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, स्टीलचा सत्तरच्या वर जातो. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात ती पट्टी, मागच्या बाजूने उचलायला लागलाच आहे. नायलॉनचा संच लावूनच न्या. विकत घेणारा आधी ब्रिज बघेल, नेकचं लाकूड नंतर.