प्रश्न उद्भवत नाही

एखाद्या सरकारी खात्यात नव्यानेच अधिकारी म्हणून रुजू झाला असाल, तर आधी अभिनंदन. खुर्ची मिळाली, खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल मिळाला. आता कधीतरी अधिवेशन लागेल आणि मंत्रालयातून फोन येईल: सभागृहाला माहिती द्यायची आहे, पैसे कुठे गेले ते संध्याकाळपर्यंत कळवा. बिलकुल घाबरू नका. या विद्येचा अभ्यास मी नुकताच, काडीची हौस नसताना, स्वतःच्या खर्चाने पूर्ण केला आहे. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्पच्या रूपात.

झालं असं की, आमच्या वाडीवर नळयोजनेची टाकी उभी राहून दोन वर्षं झाली. टाकी देखणी आहे. निळा रंग, त्यावर योजनेचं नाव, कडेला लोखंडी जिना. उणीव एवढीच की तिच्यात पाणी चढत नाही. विहिरीपासून टाकीपर्यंतच्या पाइपातला मधला शंभरेक मीटरचा तुकडा टाकायचाच राहिलाय. आमच्या आमदारांनी यावर तारांकित प्रश्न लावला आणि छापील उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२) सदर योजनेचे काम पूर्ण झाले असून पाणीपुरवठा सुरळीत सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही." हे उत्तर व्हॉट्सॲपवर येऊन पडलं तेव्हा माझ्या एका हातात मोबाइल होता आणि खांद्यावर कळशी.

तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

सुरुवात व्याकरणापासून. शाळेत कर्मणी प्रयोग घोकताना तो पुढे कुठे उपयोगी पडणार असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर उत्तर हे: विधिमंडळात. "निधी वितरित करण्यात आला." "काम हाती घेण्यात आले." "चौकशी करण्यात येत आहे." "दोषींवर कारवाई करण्यात येईल." चार वाक्यं झाली, एकात तरी माणूस सापडला का? पैसे दिले गेले, काम केलं गेलं, चूक होऊन गेली, आणि या सगळ्यात कोणाचाच हात नव्हता. उत्तरांमध्ये सगळ्यात दणकट "हे खरे नाही". हे एकदा लिहिलं की खालचे सगळे उपप्रश्न जागच्या जागी मरतात, कारण जे खरंच नाही त्याच्या विलंबाची कारणं काय म्हणून द्यायची? पेपरात फोटोसकट बातमी आली असेल तर मात्र नाइलाजाने "हे अंशतः खरे आहे" वर उतरा. कोणता अंश, हे विचारायला दुसरा प्रश्न लागतो आणि दुसऱ्या प्रश्नाला दुसरं अधिवेशन.

मार्च उजाडेपर्यंत पैशाला हात लावू नका, उगाच डोळ्यांवर येतं.

आलेल्या पैशाचं काय करावं हे सुचलं नाही तर दोन उत्तम जागा आहेत. पहिली, लघुशीर्ष ८००, म्हणजे सरकारी हिशेबात खर्च नोंदवायचा एक रकाना. नाव 'इतर खर्च'. ज्या रकमेला कुठेच घर नाही तिची ही धर्मशाळा. हिशेब पारदर्शक राहत नाही, तेव्हा यात मोठ्या रकमा ढकलू नका, असं सरकारी हिशेब तपासणारं कॅग पुन्हा पुन्हा लिहितं. आपणही पुन्हा पुन्हा वाचावं आणि "नोंद घेण्यात आली" असं कळवावं. दुसरी जागा म्हणजे स्वीय प्रपंजी लेखा, इंग्रजीत पर्सनल लेजर अकाउंट. वर्ष संपताना उरलेली रक्कम या खात्यात नेऊन ठेवली की कोषागाराच्या लेखी ती खर्च झाली आणि तुमच्या लेखी ती शाबूत राहिली. एकच रुपया दोन ठिकाणी असल्याचं हे दर्शन साधुसंतांनाही सहसा घडत नाही. शिवाय नावातच संरक्षण आहे: सभागृहात कोणी 'स्वीय प्रपंजी' म्हणायला जातो, जीभ अडखळते आणि तेवढ्यात अध्यक्षांची घंटा वाजते.

संक्षिप्त देयकावर, म्हणजे तपशील न देता, पैसे उचला, खर्चाचा हिशेब सांगणारं तपशीलवार देयक नंतर द्या. 'नंतर' म्हणजे कधी, हे बदलीच्या ठिकाणी गेल्यावर ठरवता येतं.

पैसे कमी पडतील ही भीती तर मनातून काढूनच टाका. घटनेच्या कलम २०५ मध्ये पुरवणी मागण्यांची सोय आहे. मुळात ती वर्षाच्या मध्येच काही अनपेक्षित उपटलं तर, यासाठी. पण अनपेक्षित किती लवकर उपटू शकतं ते पाहा. २८ जून २०२४ ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच पावसाळी अधिवेशनात, जुलैचा दुसरा आठवडा सुरू होताहोता, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पंधरवडाही उलटला नव्हता. लग्नाच्या याद्यासुद्धा यापेक्षा उशिरा फिसकटतात. आणि वर्ष सरल्यावर कॅगच्या अहवालात हमखास सापडणारं वाक्य कोणतं? की कित्येक पुरवणी मागण्यांची गरजच नव्हती, कारण मूळ तरतूदच पुरती खर्च झाली नाही.

आता येऊ उपयोगिता प्रमाणपत्राकडे, म्हणजे यूसीकडे. हा कागद जपून वाचा. मी वाचलाय.

यूसी म्हणजे एक पान. त्यावर अधिकारी लिहून देतो की अमुक इतकं अनुदान मिळालं, ते ज्या कारणासाठी मिळालं त्याच कारणासाठी वापरलं, आणि याची मी स्वतः खातरजमा केली आहे. खाली जागा सोडलेली असते: कोणकोणत्या तपासण्या केल्या ते लिहा. किती सुंदर कागद आहे हा! ज्याने कोणी हा नमुना तयार केला त्याला वाटलं असणार की सही करण्याआधी माणूस जागेवर जाईल, पाइप मोजेल, तोटी फिरवून बघेल.

आमच्या योजनेचा यूसी, देयकं आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मी माहितीच्या अधिकारात मागितल्या. त्यासोबत, सभागृहाला जे उत्तर गेलं त्यासाठी या कार्यालयाने वर काय लिहून पाठवलं होतं, तेही मागितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. कायद्यात तीस दिवस आहेत, तेव्हा दोन दिवस आधीच दिल्याबद्दल आभार. पहिल्या मुद्द्यावर: "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. आपण कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे." दुसऱ्या मुद्द्यावर: कलम ८(१)(ग) नुसार माहिती देता येत नाही, विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल. म्हणजे माझ्या नळाला पाणी येतं असं सभागृहाला ज्याने सांगितलं, त्याने ते कशावरून सांगितलं हे मला कळलं तर सभागृहाचा अपमान होतो. खोटं सांगितल्याने होत नाही!

गेलो अवलोकनाला. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, अधिवेशनाच्या माहितीसाठी मंत्रालयात. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली नव्हती. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी गठ्ठा काढून दिला, खुर्चीही दिली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. यूसी सापडला. तपासण्यांच्या जागेत १, २, ३ असे आकडे छापलेले आणि तिन्हींसमोर एकाच शाईत एकच शब्द: नियमानुसार. नियमानुसार. नियमानुसार. प्रगतीच्या तक्त्यात आर्थिक प्रगती १०० टक्के, भौतिक प्रगती १०० टक्के. मी म्हटलं, ताई, भौतिक प्रगती कोणी मोजली? त्या म्हणाल्या, "काका, पैसे खर्च झालेत ना? मग योजना पूर्ण."

"आणि पाणी?"

त्यांनी खरोखर तक्ता उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "पाण्याचा कॉलम नाहीये यात."

नाहीच. मी पण पाहिला. मंजूर रक्कम आहे, वितरित रक्कम आहे, खर्च आहे, शिल्लक आहे, शेरा आहे. आणि हाच तक्ता शाखा अभियंत्याकडून उपअभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून जिल्ह्याला, मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडे, अवर सचिवांकडे, उपसचिवांकडे, सचिवांकडे आणि शेवटी मंत्र्यांच्या हातात सभागृहात गेला. आठ-नऊ सह्या. प्रत्येक सही खालच्या सहीवर विश्वास ठेवून केलेली आणि सगळ्यात खालची सही कोणावर विश्वास ठेवून केली ते देव जाणे, कारण तिच्याखाली फक्त जमीन होती आणि जमिनीकडे कोणी पाहिलंच नाही. आठ-नऊ माणसांपैकी एकाने, एकाने तरी, वाडीवरच्या पोलीस पाटलाला फोन करून विचारलं असतं "काय हो, पाणी येतंय का?" तर एका मिनिटात सगळं कळलं असतं. फोनला काय मंजुरी लागते का? प्रशासकीय की तांत्रिक? बायका-पोरी रोज त्या कोरड्या टाकीखालून हंडे घेऊन जातात आणि हे लिहितात सुरळीत!

असो. उपरोधाने लिहायचं ठरलं होतं.

तर, कॅगचं. समजा या सगळ्यातूनही लेखापरीक्षणाचा पॅरा, म्हणजे आक्षेप, निघालाच. तरी हातपाय गाळू नका. कलम १५१(२) नुसार अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधिमंडळापुढे ठेवला जातो. किती दिवसांत ठेवायचा, ते घटनेत लिहिलेलं नाही. न लिहिलेल्या गोष्टीचा मान राखावा. अधिवेशनाचा शेवटचा दिवस उत्तम. आमदारांच्या बॅगा भरलेल्या असतात, परतीचा रस्ता खुणावत असतो, आणि तीनशे पानांचा ग्रंथ पटलावर येतो. २०२० चं पावसाळी अधिवेशन करोनामुळे दोनच दिवसांचं होतं, तरी त्यातही शेवटचा दिवस शोधून ८ सप्टेंबरला जलयुक्त शिवारवरचा अहवाल ठेवला गेला. ९,६३३.७५ कोटी खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. चौकशीची घोषणा झाली. पुढे सरकार बदललं आणि योजनेचा दुसरा टप्पा आला. हे एका पक्षाचं म्हणून कोणी खूश होत असेल तर त्याने २०११-१२ ची आर्थिक पाहणी आठवावी: दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा तो आकडा, आणि त्यावर २०१२ च्या नोव्हेंबरात निघालेली श्वेतपत्रिका. पांढऱ्या कागदाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता.

कॅगचे अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीलाही भिऊ नका. संकेताप्रमाणे अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, समिती सचिवांची साक्ष काढते, हे सगळं खरं. पण पॅरा अमुक सालचा, खर्च त्याच्या दोन वर्षं आधीचा, साक्ष आज. तोवर मूळ अधिकारी निवृत्त होऊन नातवाला शाळेत सोडायला जात असतो. तुम्ही फक्त म्हणा, "सदर बाब माझ्या कार्यकाळातील नाही." आणि स्पष्टीकरणात्मक ज्ञापन यथावकाश पाठवा.

बास. आता सरळच बोलतो.

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. "माहिती देण्यात आली" वगैरे काही नाही, तुम्ही, तुमच्या हाताने, तुमच्या सहीनिशी खोटं लिहिलंत आणि ते राज्याच्या विधानसभेत मंत्र्यांच्या तोंडून वाचलं गेलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणालात तर ते आणखी वाईट, कारण ठाऊक करून घेण्याचाच पगार तुम्हाला मिळतो. पाइप टाकायचा राहतो, मान्य. ठेकेदार पळतो, पैसे वेळेवर येत नाहीत, वनखात्याची परवानगी अडते, सगळं मान्य. "काम अपूर्ण आहे, शंभर मीटर राहिलंय, या कारणाने राहिलंय" एवढं लिहिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? एक शेरा आला असता. तेवढा शेरा टाळण्यासाठी दीडशे उंबऱ्यांना पाणी पोहोचल्याचं दाखवून मोकळे झालात आणि त्यामुळे आता ते खरोखर पोहोचवायला कागदावर कामच शिल्लक नाही. पूर्ण झालेल्या योजनेला पैसे कुठून मागायचे, सांगा ना!

आणि आमदार साहेब, तुम्हीही ऐका. प्रश्न लावलात, उपकार झाले. पण "हे खरे नाही" असं उत्तर आल्यावर तुम्ही ते आम्हाला फॉरवर्ड केलंत, खाली नमस्काराची खूण टाकून. आमच्या वाडीचा कोरडा नळ तुम्ही स्वतः पाहिला होता, त्याच्यासोबत फोटो काढला होता. तो फोटो हातात धरून सभागृहात उभं राहायला काय झालं होतं? तुमच्याच हातांनी कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, लेखासमितीच्या बैठकीला माणसं गोळा होत नाहीत म्हणून तुम्हीच कुरकुरता, आणि अहवाल शेवटच्या दिवशी का, हे विचारायला विरोधी बाकांवर जाईपर्यंत तुम्हाला वेळ होत नाही.

माझ्या प्रथम अपिलाची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. यूसीवर ज्यांची सही आहे तेच आता अपिलीय अधिकारी. मी येणार आहे, पण साहेब, त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. गाडी ओढ्यापर्यंत येते, पाइप तिथेच तुटतो. येताना टेप घेऊन या. प्यायचं पाणीही तुमचं तुम्हीच आणा.