"हे साधं नाही, रिकामं आहे" : एकच स्टार देणाऱ्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मंगळवारी रात्री वाचला. उत्तराला तीन दिवस लागले, कारण त्या रात्री जे लिहिलं होतं ती नुसती सारवासारव होती. ते पुसलं आणि झोपलो.

बाकीच्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये २४९ रुपये भरून तुम्ही आमचं आठवड्याच्या नियोजनाचं ॲप घेतलंत. पाच महिने रोज वापरलंत. गणपतीला दहा दिवस गावी गेलात, मुलुंडला परतून उघडलंत तर मागचेपुढचे सगळे आठवडे कोरे. वर रिमाइंडर नाही, आणि शनिवार-रविवार मिळून एकच चौकोन. "हे साधं नाही, रिकामं आहे. यापेक्षा दहा रुपयांची वही बरी," असं तुम्ही लिहिलंय.

वहीचं पटलं. दहा दिवस उघडली नाही म्हणून वहीची पानं कोरी होत नाहीत.

झालं असं. आमचं ॲप ब्राउझरमध्येच उघडतं आणि त्याला लॉगिन नाही. तुम्ही लिहिता ते आमच्याकडे येतच नाही, तुमच्याच फोनमधल्या ब्राउझरच्या साठ्यात राहतं. हे मुद्दाम केलंय. कुणाच्या मुलाची फी कधी भरायची, कुणाला कुठल्या डॉक्टरकडे जायचंय, हे मला कळायचं कारण नाही. पण ब्राउझरचा तो साठा म्हणजे बँकेतला लॉकर नव्हे. फोनवरच्या एका मोठ्या ब्राउझरने मार्च २०२० मध्ये नियम आणला: ब्राउझरचा वापर चालू आहे, पण एखाद्या साइटला वापराच्या सात दिवसांत हातच लागला नाही, तर त्या साइटने साठवलेलं पुसून टाकायचं. जाहिरातवाल्यांनी लोकांचा माग काढत फिरू नये म्हणून तो आला, आणि त्यासाठी तो योग्यच आहे. त्यात आमच्यासारखेही भरडले जातात, एवढंच. ॲप होम स्क्रीनवर जोडून तिथूनच उघडलं तर हा फटका बसत नाही. तुम्ही ते ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडत होतात. गावी ब्राउझर वापरला असणार, फक्त आमचं पान उघडलं नसणार. सुट्टीत कोण उघडेल?

(आठवड्याचं नियोजन करणारं ॲप आठवड्यातच सगळं विसरतं, हा विनोद घरात करून झालाय. माझ्यावरच.)

आता चूक कुणाची ते. "होम स्क्रीनवर जोडा, नाहीतर लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं" ही सूचना सुरुवातीला पहिल्याच स्क्रीनवर होती, पिवळ्या पट्टीत. ती मला खुपायची. एवढं पांढरंशुभ्र पान आणि त्यावर हळदीचा डाग. फेब्रुवारीत मी ती उचलून सेटिंगच्या तळाशी नेऊन ठेवली आणि स्क्रीन कशी मोकळी दिसते म्हणून दोन दिवस खुशीत होतो. तुम्ही आलात एप्रिलमध्ये. तुम्हाला ती दिसणार कुठून? खाली दोघा-तिघांनी "सेटिंग वाचायची ना" असं तुम्हाला सुनावलंय. ते माझी बाजू घेतायत हे कळतं, पण कृपा करून घेऊ नका. ती सूचना लपवली मी.

गेलेलं परत आणता येणार नाही. आमच्याकडे प्रत नव्हतीच. २४९ रुपये आले त्याच खात्यावर परत पाठवलेत, ॲप तुमच्याकडे चालूच राहील. पिवळी पट्टी कालपासून जागेवर आली आहे आणि ॲप होम स्क्रीनवर जोडेपर्यंत हटणार नाही. शिवाय सगळे आठवडे एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं बटण दिलंय. ती फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवली तरी पुरे.

रविवारवरून मात्र मी भांडणार होतो. त्या पुसलेल्या मसुद्यात नारायण मेघाजी लोखंडे आले होते, १८९० मध्ये गिरणी कामगारांना त्यांनी मिळवून दिलेली रविवारची सुट्टी आली होती, आणि तुम्ही त्या दिवसात कामं कोंबता, असा सूर होता. लोखंड्यांच्या आड लपणं बरं दिसत नाही. खरं कारण अगदी किरकोळ आहे. बाजारातल्या कित्येक डायऱ्यांत शनिवार-रविवारला मिळून एकच पान असतं, ते मी डोळे झाकून उचललं. तेव्हा माझी पाच दिवसांची नोकरी होती. तुमचे चित्रकलेचे तीन वर्ग रविवारीच, तेही दादरला. त्यात माटुंगा–मुलुंड मेगाब्लॉक लागला की कुठली गाडी धरायची याची वेगळी आखणी. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात गच्च दिवस मी अर्ध्या चौकोनात बसवला होता. पुढच्या आवृत्तीत रविवारला पूर्ण चौकोन मिळेल.

रिमाइंडर मात्र येणार नाही. फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणारी ॲप परस्पर झोपवते, मग घंटा कधी वाजते, कधी नाही. वाजेल या भरवशावर बसलेल्या माणसाची गाडी चुकण्यापेक्षा घंटा नसलेली बरी. फोनमधला गजर हे काम आमच्यापेक्षा नीट करतो. आणि खरं सांगायचं तर मलाच ते नकोय. दिवसभर फोन कोकलत असतोच, आठवड्याचं पान तरी गप्प असावं. हे न पटणारे बरेच असतील, म्हणून पैसे भरायच्या आधीच "रिमाइंडर नाही" असं ठळक दिसेल, याची सोय केली आहे.

नव्या रविवारची चाचणी चालू आहे. तीन वर्ग आणि मेगाब्लॉक त्यात मावतो का, हे तुमच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही. वही घेतली असेल तर तेही कळवा, वाईट वाटून घेणार नाही.

– ॲप बनवणारा, दादर