नाएबाचा पाऊस आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी असलेली मुलं

जपानमधल्या फुजी रॉक या संगीत महोत्सवाला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग, फुजी पर्वत कसा दिसतो?" दिसतच नाही. हा महोत्सव भरतो निगाता प्रांतात, युझावा गावच्या नाएबा स्की रिसॉर्टवर. नाव तेवढं १९९७चं राहिलंय. त्या पहिल्या वर्षी तो खरोखरच फुजीच्या पायथ्याशी होता. वादळाने असा झोडपला, की टीशर्टवर आलेली पोरं रात्रभर कुडकुडली आणि दुसरा दिवस रद्द झाला. पुढच्या वर्षी टोकियो, आणि १९९९ पासून नाएबा.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या एका वाक्याबद्दल. "तिकडे एक कागद पडलेला दिसत नाही म्हणे! जपानी माणसं मुळातच तशी. आपल्या लोकांना सवयच नाही." परत आल्यापासून हे दहा जणांनी तरी ऐकवलं, आणि दरवेळी मी वाद घातलाय.

जुलैचा शेवट, डोंगरातला पाऊस. एचिगो-युझावा स्टेशनवरून बस चढायला लागली तेव्हाच धुकं खाली उतरलं होतं. छत्री उघडायला बंदी, कारण मागच्याला स्टेज दिसत नाही आणि काडी डोळ्यात जाते. सगळे रेनकोट आणि गमबुटात. ग्रीन स्टेजसमोर हजारो माणसं भिजत उभी होती आणि गिटारचा पहिला सूर वाजताच अख्खी टेकडी हलली. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

रात्री रामेन, म्हणजे सूपमधल्या जपानी नूडल्स, खाल्लं. वाडगा, खायच्या काड्या, बाटली सगळं एकत्र घेऊन डब्याकडे गेले, आपल्याकडे टाकतो तसंच टाकायला. तिथे विशीतला एक स्वयंसेवक उभा होता. हसून त्याने बोट दाखवलं: उरलेलं सूप इथे, काड्या तिथे, वाडगा पलीकडे, बाटलीचं झाकण वेगळं. त्याने माझ्या कचऱ्याला हातही लावला नाही. सगळं मीच वेगळं केलं, तो शांतपणे बघत थांबला. पुढच्या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही.

अशी मुलं तिथे पावसात तिन्ही दिवस उभी असतात. ही स्वच्छता कुणाच्या रक्तातून आलेली नाही, ती कुणीतरी डोकं लावून उभी केली आहे. रक्तातच असती तर बेवारस टाकलेल्या खुर्च्या आणि रेनकोट दिसले नसते. ते मी पहाटे डोळ्यांनी पाहिले. २०१९ साली तर आयोजकांना प्रेक्षकांच्या शिस्तीसाठी वेगळी मोहीम काढावी लागली होती. म्हणून "आपल्या लोकांना सवयच नाही" हे मला पटत नाही. आपल्याकडच्या मैदानांवर डबे किती असतात, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून कुणी कधी नीट सांगितलंय का?

जंगलातून एका स्टेजकडून दुसऱ्याकडे जायला लाकडी फळ्यांची वाट आहे. स्वयंसेवक गर्दी नसलेल्या दिवसांत येऊन ती दुरुस्त करतात आणि फळ्यांवर लोकांनी लिहिलेली नावं, निरोप असतात. पावसाने पुसट झालेल्या एका फळीवर लहान मुलाने काढलेला सूर्य होता. मी बराच वेळ तिथे थांबले, मागून व्हाइट स्टेजचा ढोल ऐकू येत होता. पुढच्या वेळी जमलं तर गाण्यांच्या आधी, फळ्या बसवायला जायचंय.