बॅरी सँडर्सचा फॅक्स आणि माझ्या भाच्याचा जॉइनिंग बोनस

परवा रात्री ताईचा फोन. म्हणजे इथे मिशिगनमध्ये रात्र, पुण्यात सकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या. "अरे, तुझा भाचा पेपर टाकतोय म्हणतो, नोकरीच सोडतोय. तुमच्याकडचा कोण तो सँडर्स, त्याने म्हणे असंच केलं होतं. तू ओळखतोस का त्याला?" म्हटलं ताई, त्याला अख्खं मिशिगन ओळखतं, तो मला ओळखत नाही. मग भाच्याने अख्ख्या फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो मेसेज तिने मला पाठवला आणि माझी झोप उडाली ती उडालीच.

तुमच्याकडेही आला असेल, कारण गेल्या आठवड्यात मला तो तीन ग्रुपवर दिसला. ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्यासाठी सारांश: बॅरी सँडर्स नावाचा एक गरीब अनाथ मुलगा अमेरिकेचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू झाला, ९९ गोल मारले, टीमला चॅम्पियन केलं, वर्ल्ड रेकॉर्ड एका मॅचवर आलेला असताना डॉक्टर म्हणाले आता एक धक्का बसला तर कायमचा लुळा होशील, मग एका सकाळी उठून त्याने बॉसला एका ओळीचा फॅक्स केला, "मला कंटाळा आला", करोडोंचं कॉन्ट्रॅक्ट लाथाडलं, एका पैशाला हात लावला नाही आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवलं नाही, 'जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच' असा 'मोह नसलेला साधू'. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी, एक आगीचा, आणि "तुम्ही कधी देणार राजीनामा?"

वर फोटो आहे तो एमिट स्मिथचा. डॅलसची जर्सी, २२ नंबर, छातीएवढा स्पष्ट. बॅरीचा नंबर २०, टीम डेट्रॉइट लायन्स, रंग निळा-चंदेरी. आणि गंमत म्हणजे ज्या रेकॉर्डच्या जवळ जाऊन बॅरी थांबला ते नंतर ज्याने केलं तो हाच एमिट स्मिथ. म्हणजे 'सोडून देणाऱ्याच्या' गोष्टीवर न सोडणाऱ्याचा फोटो, तोही १५ सीझन खेळलेल्याचा. इथेच मेसेज डिलीट करायला हवा होता खरं तर.

'गोल' वगैरे सोडून देतो, हा अमेरिकन फुटबॉल, ९९ हे टचडाऊन आहेत, म्हणजे बॉल हातात घेऊन पळत शेवटची रेषा ओलांडून केलेले. अनाथ तर अजिबात नाही. कॅन्ससमधल्या विचिटा गावात वाढला, अकरा भावंडं, वडील छपरं घालायचे आणि सुतारकाम करायचे आणि ते कायम म्हणायचे की सगळ्यात भारी रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जिम ब्राऊन, म्हणजे पोरगा एवढा मोठा झाला तरी घरातला पहिला नंबर दुसऱ्याचाच. अनाथ म्हणे! बरं हा जिम ब्राऊनही १९६६ मध्ये तिशीतच ऐन जोरात असताना खेळ सोडून सिनेमात गेला होता, तेव्हा 'जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच' हेही गेलं.

आता 'चॅम्पियन केलं' आणि 'एका मॅचवर रेकॉर्ड', यासाठी थोडं समजून घ्यावं लागेल. रनिंग बॅक म्हणजे कबड्डीतला रेडर समजा, फक्त समोर सात नाही अकरा, त्यातले काही सव्वाशे-दीडशे किलोचे, आणि हा ५ फूट ८ इंच. बॉल हातात घ्यायचा आणि त्या भिंतीतून जेवढे मिळतील तेवढे यार्ड पुढे सरकायचं. एक यार्ड म्हणजे तीन फूट. बॅरीने दहा सीझनमध्ये ३,०६२ वेळा बॉल घेऊन १५,२६९ यार्ड काढले, म्हणजे दहा वर्षांत मिळून जेमतेम १४ किलोमीटर. आपण रिक्षाने जातो तेवढं. पण त्यातल्या जवळपास प्रत्येक धावेच्या शेवटी कोणीतरी अंगावर येऊन आदळलेलं आहे.

अख्ख्या कारकिर्दीत पळून काढलेल्या यार्डांचं रेकॉर्ड होतं वॉल्टर पेटनचं, १६,७२६. वजाबाकी करा, १,४५७ उरतात. ही एक मॅच नाही हो, हा एक अख्खा सीझन आहे! बहुतेक रनिंग बॅकना आयुष्यात एकदाही एका सीझनला तेवढे होत नाहीत. बॅरीने शेवटच्या १९९८ च्या सीझनला १,४९१ केले होते, तेव्हा तो अजून एक वर्ष खेळला असता तर बहुधा झालं असतं हे खरं, पण 'एका मॅचवर' म्हणणं म्हणजे पोरगं नववीत असताना त्याला ग्रॅज्युएट म्हणण्यासारखं.

आणि चॅम्पियन? लायन्स? इथे आमच्या ऑफिसात कोणाला सांगा, चहा नाकातून बाहेर येईल. लायन्सचं शेवटचं अजिंक्यपद १९५७ चं. बॅरीच्या दहा वर्षांत प्लेऑफची एकच मॅच जिंकली, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध, ३८-६. त्याच्यानंतरची प्लेऑफमधली जीत कधी? जानेवारी २०२४! बत्तीस वर्षं. १९९४ च्या सीझनला ग्रीन बेमध्ये प्लेऑफ होती, बॅरीने १३ वेळा बॉल घेतला आणि सगळं मिळून हिशोब आला उणे एक यार्ड. उणे! शेवटच्या वर्षी टीम ५ जिंकली, ११ हरली. हे मी त्याला कमी लेखायला सांगत नाहीये, उलट हेच तर कारण आहे. त्याने नंतर स्वतःच सांगितलंय की हरत राहण्याची जी सवय टीमला लागली होती तिने त्याचा खेळातला जीव गेला. मेसेजमध्ये मात्र शिखरावरून उडी मारली असं दाखवलंय. तो स्वतः शिखरावर होता, टीम खड्ड्यात होती, आणि रोज त्या खड्ड्यात हजेरी लावायची होती.

मी त्याला एकदाच प्रत्यक्ष पाहिलंय. ९७ च्या शरद ऋतूत, मी इथे येऊन वर्ष झालं होतं, ऑफिसमधल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं. पाँटिअॅकचं सिल्व्हरडोम, छप्पर कापडाचं आणि आतल्या हवेच्या दाबावर तरंगणारं, बाहेर पडताना दारातून हवा अक्षरशः पाठीत ढकलून बाहेर काढायची. मला खेळातलं काही कळत नव्हतं. एकदा बॉल घेतला, समोर जागाच नाही, हा चक्क उलटा पळाला, पाच-सहा यार्ड मागे, शेजारचा माणूस शिव्या घालायला लागला, दोघांनी एकाच वेळी झेप घेतली आणि दोघांच्या हातात हवा, आणि तोपर्यंत हा दुसऱ्या कडेने वीसेक यार्ड पुढे. शेजारचा आता उभा राहून ओरडतोय. पुढच्या तीन वेळा मात्र काहीच नाही, एकदा तर मागेच पाडलं. आणि टचडाऊन केला की नाच नाही, बॉल आपटणं नाही, जाऊन पंचाच्या हातात दिला, वाण्याला सुट्टे दिल्यासारखा. आज त्या जागेवर अॅमेझॉनचं गोडाऊन आहे.

त्याच सीझनला त्याने २,०५३ यार्ड केले, आणि तेही पहिल्या दोन मॅचमध्ये मिळून फक्त ५३ झालेले असताना, मग सलग १४ मॅच शंभराच्या वर. एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, ब्रेट फाव्हर आणि तो, दोघांत वाटून. तर तो महान होता का, यावर माझं काही भांडण नाही.

डॉक्टरांचा मुद्दा शुद्ध बनावट. दहा वर्षांत १६० पैकी १५३ मॅच खेळला, मोठी दुखापत म्हणाल तर ९३ मध्ये गुडघा. पण इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. १९९१ मध्ये त्याचा सहकारी माइक अटली मैदानातच मानेला मार लागून कायमचा व्हीलचेअरवर गेला. आणि २१ डिसेंबर १९९७, ज्या मॅचमध्ये बॅरीने २,००० ओलांडले, त्याच मॅचमध्ये रेजी ब्राऊन नावाचा त्यांचा पोरगा पडला आणि हलेना, श्वास थांबला होता, मैदानातच तोंडाने श्वास द्यावा लागला. मी ते टीव्हीवर बघत होतो. तो पुढे चालायला लागला पण खेळ संपला. हे डोळ्यांसमोर बघितलेल्या माणसाच्या मनात काय चालतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही ते कळायचं कारण नाही.

फॅक्सचंही अर्धंच खरं. फॅक्स केला, जुलै १९९९, ट्रेनिंग कॅम्प सुरू व्हायच्या तोंडावर, पण तो त्याच्या गावच्या, विचिटाच्या पेपरला, आणि स्वतः लंडनला निघून गेला. एक ओळ नव्हती, व्यवस्थित पत्र होतं, त्यात म्हटलं होतं की कारण साधं आहे, खेळात राहण्याच्या इच्छेपेक्षा बाहेर पडण्याची इच्छा मोठी झालीय. 'कंटाळा आला' हे मेसेजवाल्याचं भाषांतर. वय ३१ नुकतंच पूर्ण. तोंडावर टीमला अडचणीत टाकलं असं इथे लोक आजही म्हणतात, आणि मलाही वाटतं की त्याने ते नीट केलं नाही. एवढ्या सभ्य माणसाने असं का करावं! असो.

आता तो मुद्दा ज्याच्यासाठी मी रात्री बारा वाजता टाइप करतोय. "एका पैशाला हात लावला नाही."

अहो हात लावला होता, आधीच लावला होता! १९९७ मध्ये त्याने सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं, साधारण साडेतीन कोटी डॉलरचं, त्यात साइनिंग बोनस १ कोटी १० लाख डॉलर. बोनस सहा वर्षांसाठी, खेळला दोन. उरली चार वर्षं. १ कोटी १० लाख भागिले सहा, गुणिले चार, काढा कॅल्क्युलेटर. ७३ लाख डॉलर आणि वर काही. लायन्सनी पैसे परत मागितले. बॅरीच्या बाजूने म्हणणं आलं की सगळे देतो, पण मला मोकळं करा, म्हणजे दुसऱ्या टीमकडून खेळता येईल. लायन्स म्हणाले नाही. प्रकरण लवादाकडे गेलं आणि फेब्रुवारी २००० मध्ये निकाल लागला: १८ लाख ३३ हजार डॉलर ताबडतोब भर, बाकीचे कॉन्ट्रॅक्टच्या उरलेल्या वर्षांत, जोपर्यंत रिटायर राहशील तोपर्यंत. १८ लाख ३३ हजार म्हणजे किती? १ कोटी १० लाखाचा बरोब्बर सहावा भाग. एका वर्षाचा हप्ता. मला या अख्ख्या प्रकरणात दुसरं काही नको, हा एक निकाल पुरे. 'मोह नसलेला साधू' वगैरे जे चाललंय ते या एका आकड्यापुढे टिकत नाही. वसुली झाली त्याची! सहीच्या वेळी घेतलेल्या पैशाची वसुली, लवाद बसवून.

पैशाचा हव्यास नव्हता हेही खरंच असेल, रेकॉर्डचा तर नव्हताच. पहिल्याच वर्षी, १९८९ मध्ये, शेवटच्या मॅचमध्ये रशिंगचा, म्हणजे सीझनभरात पळून काढलेल्या यार्डांचा, पहिला नंबर दहा यार्डांवर होता, कोचने विचारलं जातोस का परत मैदानात, टीम जिंकत होती, हा म्हणाला नको. पहिला नंबर क्रिश्चियन ओकोयेला गेला, १,४८० विरुद्ध १,४७०. ही गोष्ट मेसेजमध्ये नाही बघा. जी खरी आहे आणि खरंच भारी आहे ती नेमकी नाही.

आता भाचा. त्याला मी फोन लावला, म्हटलं ऑफर लेटर काढ. "मामा, ते कशाला?" काढ म्हटलं. जॉइनिंग बोनस तीन लाख, अट दोन वर्षांची, झालेत सात महिने. त्याआधी सोडलं तर पूर्ण रक्कम परत, आणि पूर्ण म्हणजे टीडीएस कापायच्या आधीची, म्हणजे जे हातात आलेच नाहीत तेही द्यायचे. बॅरीला निदान सहा भाग पाडून खेळलेल्या वर्षांचे तरी ठेवता आले, इथे भागाकारच नाही. बोनसचं काय केलंस विचारलं तर बुलेटचं डाऊन पेमेंट. नोटीस पिरियड ९० दिवस. याला ते वाचायचं सुचलं नव्हतं, कारण मेसेजमध्ये बॅरीने काही वाचलेलं नव्हतं.

मी त्याला राहा म्हटलं नाही. मॅनेजर रात्री साडेअकराला कॉल लावतो, तीन महिने एकही शनिवार मिळालेला नाही, सोडायचीच असेल तर सोड की, कोण अडवतंय. फक्त आधी तीन लाख बाजूला ठेव आणि मग फॅक्स कर. "मामा, फॅक्स कुठून करतात?" असं त्याने खरंच विचारलं.

काल ताईचा परत फोन. अजून पेपर टाकलेले नाहीत, बुलेट विकायचं बघतोय. "पण तुझ्या त्या सँडर्सचं पुढे काय झालं रे? परत त्या दारात पाऊल नाही ना ठेवलं?"

म्हटलं ताई, २०१७ पासून तो लायन्सकडेच आहे, अॅम्बॅसेडर म्हणून, पगारी. स्टेडियमबाहेर २०२३ मध्ये पुतळा पण बसवला त्यांनी.

"मग ते पैसे?"

ते भरायला लागले, म्हटलं.